'देणगी रु.' आणि पुढची कोरी जागा

रेल्वेचं फाटक ओलांडून आम्ही वालीवच्या रस्त्याला लागलो, तेव्हा प्लासिडकाका पहिल्यांदा थांबले. सांडोरहून निघून तास होऊन गेला होता.

"काका, मागून एसटी येईल," मी म्हटलं.

"येऊ दे. बसलो तर लवकर पोचेन ना!"

पोचायचीच त्यांना भीती होती. सकाळी चर्चमधल्या मिस्सानंतर म्हणाले होते, "बाय, सोबत चल. एकटा गेलो तर अर्ध्यातून पाय मागे वळतील."

काका आमच्या गावचे शिंपी. फादरांचे झगे असोत की शाळेचे गणवेश, मापात कधी चूक नाही. गावाच्या मंडळाचे चिटणीसही तेच. ब्याऐंशी साली शाळेच्या छपरासाठी त्यांनी मुंबईचा ऑर्केस्ट्रा आणला. प्रवेशिका दहा रुपयांची, पण छापताना 'देणगी रु.' एवढंच छापलं आणि पुढची जागा कोरी सोडली. ऐपत असेल त्याने जास्त द्यावं, आकडा आपण पेनने घालू, असा भाबडा हिशोब. एका माणसाने एकदम शंभर मागितल्या. दारोदार फिरणं वाचलं म्हणून काका खूश. आकडा न घालताच देऊन टाकल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी तोच माणूस शाळेच्या कोपऱ्यावर उभा राहून कोऱ्या जागेत चाळीस लिहून विकू लागला. लोक तक्रार घेऊन दारावर आले. काका म्हणाले, "आम्ही दहालाच विकल्या. पुढे कोण कितीला विकतो, त्याला मंडळ जबाबदार नाही."

तेवढ्यात वालीवची यशोदा आली. तिचा मुलगा दिवाकर त्या ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवत होता. मुठीत दहाचीच नोट; मंडळाकडच्या प्रवेशिका संपलेल्या, कोपऱ्यावर चाळीसचा भाव. काकांनी प्रवेशिका मागितली.

"माजा पोऱ्या हाय आत."

"मावशी, सगळ्यांचंच कोणीतरी आत आहे."

ती आल्या पावली परत गेली.

'सगळ्यांचंच कोणीतरी आत आहे' हे आपलं वाक्य काकांनी मला वाटेत दोनदा सांगितलं; मी तेव्हा आत बसून कार्यक्रम पाहत होते. गेल्या आठवड्यात वालीवच्या एका गिऱ्हाइकाकडून त्यांना कळलं, की पुढच्याच वर्षी कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये दिवाकरची बोटं गेली. ढोलकी सुटली ती सुटलीच.

उरलेली वाट मी मनात नमो मरिया म्हणत चालले.

यशोदा ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. काका उभ्यानेच म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी सांडोरला दारावर होतो, तो मी."

तिने वर पाहिलं. "तूच काय तो? तवा लय ताठ व्हतास."

"जागा कोरी मी सोडली, मावशी. आणि हातही मीच झटकले. माफ करा मला."

"माफीचा काय करू?" तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "घरात पत्र्याच्या डब्यावर वाजवायचा, डोका उठवायचा. चार लोकांसमोर कसा वाजवला, ता मना म्हाईत नाय. तू व्हतास ना तिथं? सांग."

ती सगळी संध्याकाळ काका दारावर लोकांशी हुज्जत घालत होते. ढोलकीचा एक ठोकाही त्यांच्या कानात शिरला नव्हता.

ते माझ्याकडे वळले.

"बाय, तू आत होतीस. बस त्यांच्याजवळ आणि सांग. टाळ्या कुठे कुठे पडल्या, तेसुद्धा सांग. घाई करू नकोस."