हजेरी

मैदानावर सगळे त्याला भोंगा म्हणत. सायकल दुरुस्तीचं दुकान पोटापुरतं. जीव सगळा फुटबॉलमध्ये. सामन्याआधी तो एकेक आकडा आणि टोपणनाव पुकारायचा, खेळाडू हात वर करून ‘हजर!’ ओरडायचा. हजेरी संपल्याशिवाय पंच शिट्टी वाजवत नसे. तिथली रीतच होती तशी.

त्याचा थोरला भाऊ रंगाच्या कारखान्यात होता, कारखान्याच्या संघाचा गोलकीपर. आकडा एक, टोपणनाव भिंत. कारखान्याला आग लागली तेव्हा मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. थोरला गेला, टिल्ल्यासकट संघातले आणखी तिघं गेले. मालक म्हणाला, "दार उघडंच होतं. पोरं घाबरली." घाबरली म्हणे! मेल्या, जिभेला काही हाड आहे की नाही?

वर्ष सरायच्या आत ह्याच मालकाने फुटबॉलचा चषक काढला. भाडोत्री खेळाडू आणून त्यांना तेच शर्ट, तेच आकडे चढवले. रोज पेपरात पोरांच्या खांद्यावर हात टाकलेला फोटो. कालपर्यंत शिव्या घालणारे म्हणू लागले, "काही म्हणा, माणूस खेळासाठी करतोय हो." भोंग्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग कारखान्याचा मॅनेजर दुकानात आला. "अंतिम सामन्याला तूच पुकार. भिंतीचा भाऊ म्हटल्यावर लोकांना बरं वाटेल."

डाग धुवायला आता आपला गळाही पाहिजे यांना! तरी भोंगा म्हणाला, "येतो."

वहिनीच्या कानावर गेलंच. "भावजी, त्या माणसाच्या मांडवात गेलात तर माझ्या दारात पुन्हा पाय ठेवू नका." त्याने तोंड उघडलं, तर तिने दार लावून घेतलं.

सामन्याच्या दिवशी मालक पांढरेशुभ्र बूट घालून खेळाडूंशी हात मिळवायला उभा राहिला. मॅनेजरने नव्या नावांचा कागद दिला होता. भोंग्याने तो खिशात कोंबला.

"आकडा एक, भिंत!"

नव्या गोलकीपरचा हात अर्धा वर गेला आणि खाली आला.

"भिंत! हजर आहेस का रे दादा?"

भावजी खरंच पुकारतात का ते बघायला आलेली वहिनी प्रेक्षकांतून उभी राहिली. "दाराला कुलूप होतं!"

मॅनेजरने धावत येऊन माईकची वायर उपटली. भोंग्याला काय फरक पडतो?

"आकडा चार, टिल्ल्या!"

या वेळी निम्मं मैदान ओरडलं, "दाराला कुलूप होतं!"

मालकाचा पुढे केलेला हात तसाच राहिला. "शिट्टी वाजवा!" तो पंचांवर खेकसला.

पंचांनी शिट्टी खिशात टाकली. "हजेरी व्हायचीय अजून, साहेब."

भोंग्याने पुढचा आकडा पुकारला.