आडव्या बाटलीच्या मावशी

शेवंतामावशी कुणाच्याही घरी गेल्या, की आधी तिथल्या बाटल्या आडव्या करायच्या. तेलाची असो, केचपची असो, डिशवॉशिंग सोपची असो, ओट्यावर उभी दिसली की मावशींचा हात गेलाच. आमच्याकडे त्या पहिल्यांदा आल्या त्या माझ्या मुलीच्या, तन्वीच्या वाढदिवसाला. मी केक कापायच्या गडबडीत होते. तेवढ्यात त्यांनी टेबलावरची कोकची मोठी बाटली आडवी केली आणि तिचं सैल झाकण निघून अर्धा कोक अपार्टमेंटच्या फिकट कार्पेटवर गेला. मी तोंड उघडायच्या आत त्याच मला म्हणाल्या, "बघ, झाकण नीट लावलंच नव्हतं. उभी असताना कळलं असतं का?" म्हणजे कार्पेट माझं आणि वर चूकही माझीच. तन्वीनं "आजी, दॅट्स सो मेसी" म्हणून निषेध नोंदवला. मावशींना ते कळलं नाही. त्यांनी तिचा गालगुच्चा घेतला.

त्या आमच्या खालच्या मजल्यावरच्या प्रशांतच्या आई. अमेरिकेत, शॉमबर्गला लागून असलेल्या आमच्या गावात, दोन हजार आठच्या एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. प्रशांत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होता. लग्न झालेलं नव्हतं, स्वभावानं अबोल. मावशींचा सांगलीकडच्या एका गावात शिवणकामाचा व्यवसाय. तिथं त्यांनी बायका गोळा करून दारूच्या दुकानाविरुद्ध मतदान घडवून आणलं होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. महिनाभर घरोघर फिरून त्या नुसती बाटली आडवी करून दाखवत होत्या. मतदान संपलं, दुकान बंद झालं, पण हाताची खोड काही गेली नाही.

एवढं ऐकल्यावर कुणालाही वाटेल की नवरा पिणारा असणार. मलाही वाटलं. मावशी ठसक्यात म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी थेंबसुद्धा घेतला नाही कधी. मी ब्लाउजं शिवते ना, मला कळायचं. भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या शिवून मागायच्या बायका. का, ते विचारावं लागत नाही." इतकं सांगून त्या माझ्या ओट्याकडे वळल्या आणि व्हिनेगर आडवं करून आल्या.

मे महिन्यात आमच्या व्हिलेज बोर्डापुढे, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीपुढे, एक प्रस्ताव आला. कॉलेजची पोरं स्वस्तातली दारू पिऊन धिंगाणा घालतात, म्हणून गावातल्या दुकानांनी ठरावीक किमतीखाली बाटली विकायची नाही. मी हे सहज मावशींना सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: बाहेरच्या माणसाला तिथं बोलता येतं का, आणि तू माझं बोलणं इंग्रजीत सांगशील का. मी आधी चारजणांना विचारून पाहिलं. आमच्या मराठी मंडळातले लोक तर सरळ म्हणाले, "आपण व्हिसावर आलेली माणसं, यार. आपल्याला काय करायचंय?" देऊळ नाही, चावडी नाही, अशा गावाला गाव म्हणणं मावशींना कठीण जात होतं. पण ग्रामसभा आहे म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसला.

सभेत प्रत्येकाला तीन मिनिटं मिळायची. मावशींनी आधी माइकशेजारची पाण्याची बाटली आडवी केली. अध्यक्ष हसले. मग त्या लांब बाह्यांच्या ब्लाउजांबद्दल बोलल्या आणि कुणी हसेना. शेवटी त्या म्हणाल्या, "स्वस्त आहे म्हणून हात जातो. महाग करा, हात थांबेल." मी भाषांतर केलं. बोर्डात उभी फूट पडली, निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे. अध्यक्षांच्या मतावर प्रस्ताव कसाबसा मंजूर झाला. बोर्डातल्या एका बाईंनी मावशींचे दोन्ही हात हातात धरले. कोपऱ्यावरच्या लिकर स्टोअरचे पटेलभाई मात्र पार्किंगमध्ये थांबले होते. हायवेपलीकडे दुसरं गाव सुरू होतं, त्याला हा नियम लागू नव्हता. तिकडे बोट दाखवून ते म्हणाले, "मौसी, मेरा ग्राहक उधर जाएगा, और क्या?" मावशींना हिंदी बेताचीच येत होती, पण हे त्यांना कळलं असावं. गाडीत बसताना त्यांनी एकदा हायवेपलीकडे पाहिलं.

ऑगस्टच्या एका दुपारी प्रशांतची गाडी हायवेपलीकडून परत येताना दिव्याच्या खांबावर आदळली. दुसऱ्या कुणाला लागलं नाही, हे नशीब. त्याचा हात मोडला, लायसन्स गेलं, कोर्टाची तारीख लागली. मागच्या सीटवर व्होडकाच्या स्वस्तातल्या, प्लॅस्टिकच्या बाटल्या होत्या. त्याचा प्रोजेक्ट वसंतातच संपला होता आणि कंपनीनं त्याला बेंचवर, म्हणजे काम न देता, बसवलं होतं. तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचा, तो लायब्ररीच्या पार्किंगमध्ये बसायला. आधी तो कोपऱ्यावर पटेलभाईंकडे चालत जायचा. भाव वाढल्यावर तिथं परवडेना, तेव्हा गाडी काढून पलीकडे जायला लागला.

त्या संध्याकाळी मावशी आमच्याकडे आल्या आणि किचनच्या खुर्चीवर बसून राहिल्या. समोर तेलाची बाटली उभी होती. तिच्याकडे त्यांचा हात गेला नाही. मला तेच पाहवेना.

"ओरडला नाही गं कधी," त्या म्हणाल्या. "हात उगारला नाही. रात्री माझे पाय चेपून द्यायचा. मी जन्मभर पिणाऱ्यांच्या बायका बघितल्या, पिणारा माणूस कधी जवळून बघितलाच नाही. घरात होता तर ओळखला नाही."

मग त्यांनी मला गावची अर्धी राहिलेली गोष्ट सांगितली. ज्या सरकारनं दुकान बंद केलं, त्याच सरकारनं वर्षाच्या आत शिवेबाहेर रस्त्यावर त्याला परवानगी दिली. माणसं तिकडे चालत जायला लागली आणि काळोखात परत येताना एकदोघं ट्रकखाली गेली. "हे मला ठाऊक होतं," मावशी म्हणाल्या, "तरी इथं येऊन मी तेच मागितलं." असं मनाला लावून घेऊ नका, असं मी काहीबाही बोलले. 

सप्टेंबरमध्ये तोच नियम रद्द करायला बोर्ड पुन्हा बसलं. दुकानदार चिडले होते, गावाचा कर पलीकडच्या गावाला चालला होता. मावशी येणार म्हणाल्या तेव्हा मला धास्ती वाटली. अपघाताची बातमी सगळीकडे झाली होती, आणि नियम हवा असणारे, नको असणारे, दोघंही त्यांच्याकडे आशेनं बघत होते. त्या माइकपाशी गेल्या. बाटलीला शिवल्या नाहीत.

"भाव वाढवा असं मीच सांगून गेले होते," त्या म्हणाल्या. "वाढला. मी घरी जाऊन निवांत झोपले. मला वाटलं, आता भाव राखण करील. माझं पोरगं मला राखायचं होतं. आज तुम्ही भाव ठेवा नाहीतर काढा, पण घरी जाऊन झोपू नका."

तीन मिनिटांतलं एकच त्यांनी वापरलं. मी ते शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत, कारण हे कुणाच्या बाजूनं झालं ते कुणालाच ठरवता येईना. नियम रद्द झाला. मे महिन्यात मावशींचे हात धरणाऱ्या बाईंनीही या वेळी रद्द करण्याच्या बाजूनं हात वर केला. मी संतापले. मावशी म्हणाल्या, "सरकारचं असंच असतं. आज आडवी, उद्या उभी."

ऑक्टोबरात त्यांचे सहा महिने भरले. कोर्टाचं प्रकरण चालू असल्यामुळे प्रशांतला देश सोडता येत नव्हता. पोराला असं टाकून जाताना त्यांचा जीव तुटत होता, पण राहायची परवानगी वाढवून मिळाली नाही. ओहेअर विमानतळावर त्यांनी मला बाजूला घेतलं. शिवेबाहेर दुकान उघडल्यावर तुम्ही पुढे काय केलंत, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. ते त्यांनी आपण होऊन सांगितलं. "काय करणार? रोज संध्याकाळी आम्ही बायका दुकानासमोर जाऊन बसायला लागलो. बोलायचं नाही, भांडायचं नाही. ज्याला प्यायचंय त्यानं आमच्यासमोरून जावं. काही जायचे. काही परत फिरायचे." मग माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "तू नुसतं दार वाजव."

तेव्हापासून ऑफिसमधून आल्यावर मी खाली जाऊन प्रशांतचं दार वाजवते. तो उघडतो. कधी पोहे करून ठेवलेले असतात, कधी त्याची नजर माझ्या नजरेला भिडत नाही. उपदेश मी करत नाही. चहा घेते आणि वर येते. थोड्या वेळानं मावशींचा फोन येतो, तिकडे तेव्हा पहाट असते. प्रकृती, पाऊसपाणी काही न विचारता त्या एकच विचारतात, "आज काय? उभी का आडवी?"

पहिल्यांदा तो प्यालेला असतानाही मी खोटंच आडवी म्हणाले होते. त्या म्हणाल्या, "पोरी, मतमोजणीला मी स्वतः बसले होते. खरा आकडा सांग." तेव्हापासून मी खरं सांगते. काल मी सांगितलं, उभी. 

"बरं," मावशी म्हणाल्या. "उद्या परत मत घेऊ."