लिफ्टवाल्या वहिनींची बारा पुस्तकं

समजा, वर्षभरात वाचायच्या पुस्तकांची यादी करायला तुम्हाला बसवलं आहे. समोर कोरा कागद, हातात पेन. काय लिहाल? चार लोकांत बरी दिसतील अशी जाडजूड पुस्तकं? शाळेपासून अर्धवट राहिलेली? की खरोखर वाचावीशी वाटणारी, पण सांगायला जरा लाज वाटते अशी?

लिफ्टवाल्या वहिनींनी इतका घोळ घातला नाही. लिफ्ट दुरुस्त करणं हे त्यांचं काम, म्हणून अख्खी इमारत त्यांना याच नावाने ओळखते. ग्रंथालयात जाऊन त्यांनी अकरा पुस्तकं निवडली. कामाच्या पिशवीत पान्ह्यांच्या शेजारी मावली पाहिजेत, एवढीच अट. बारावी जागा त्यांनी रिकामी ठेवली. म्हणाल्या, "वर्षभरात कुणीतरी काहीतरी सुचवेलच."

यादी करायला कारण होतं. इमारतीत एक वाचनगट आहे. वहिनींच्या ननंदेने सुरू केलेला. ती एक मजला वर राहते आणि शाळेत भाषा शिकवते. गटाचा नियम असा, की आपली यादी वर्षात पुरी करणाऱ्याने पुढच्या वर्षीचं पहिलं पुस्तक निवडायचं आणि बाकीच्यांनी ते मुकाट्याने वाचायचं. वहिनी आजवर बैठकीच्या खुर्च्या मांडायच्या आणि चर्चा सुरू झाली की हळूच सटकायच्या. यंदा मात्र त्यांना पुस्तक निवडायचं होतं. अगदी मनापासून.

सुटा भाग यायला उशीर झाला की त्या मशीन रूममध्ये खोक्यावर बसून वाचायच्या. जेवणाच्या सुट्टीत वाचायच्या. घरी नवरा टीव्हीचा आवाज वाढवायचा, तरी यांचं डोकं वर व्हायचं नाही. वर्ष सरत आलं तेव्हा दहा पुस्तकं झाली होती आणि अकरावं हातात होतं.

अशातच एका रविवारी ननंद खाली आली. वहिनी सोफ्यावर पाय घेऊन वाचत होत्या. प्रकरण संपलं आणि त्यांनी पानं उलटी, मागे चाळली.

"वहिनी, काय शोधतेयस?"

"काही नाही. याच्या आधीचं प्रकरण."

"ते वाचलं नाहीस अजून?"

"आता वाचणार ना! शेवटचं झालं, मग त्याच्या आधीचं, मग त्याच्या आधीचं."

ननंदेने कपाळाला हात लावला. "दादा, ऐकलंस? तुझी बायको पुस्तकं उलटी वाचते!"

"वाचू दे की," नवरा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला. "माझं तर पहिल्या वाक्यापासून उलट ऐकते."

"तुम्ही गप्प बसा हो," वहिनी म्हणाल्या आणि ननंदेकडे वळल्या. "वन्सं, बंद पडलेल्या लिफ्टपाशी गेल्यावर मी काय करते? आधी बघते, कुठे अडकलीय. मग मागे मागे जाते. दरवाजा, तार, ब्रेक, जिथे सुरुवात झाली तिथपर्यंत. पुस्तकात बाई रडत बसलीय, तर ती का रडतेय हे शोधायला मागेच जायला नको का?"

"पुस्तक म्हणजे बिघाड आहे का गं? मी ही अकरा धरणार नाही."

"का नाही? एक पान सोडलेलं नाही मी. क्रमाचं तुमच्या नियमात कुठे लिहिलंय?"

ननंदेने नियम मनात चाळले. लिहिलेलं नव्हतंच. पण शाळेत पोरांना सांभाळून तयार झालेली बाई ती, सहज थोडीच हरणार! वर जाऊन आपलं एक पुस्तक घेऊन आली. एका गावातला पोस्टमन अचानक नाहीसा होतो, अशी कादंबरी. "हे तुझं बारावं. पुढून वाचायचं. वाचलंस तर सगळी बारा धरते. शेवटच्या प्रकरणाला मी चिकटपट्टी लावते."

"चिकटपट्टीने पानं फाटतील," म्हणत वहिनींनी पिशवीतून वायरी बांधायचा प्लास्टिकचा पट्टा काढला, शेवटच्या प्रकरणाभोवती गुंडाळून ओढला. "हा कापल्याशिवाय सुटत नाही. आता तरी विश्वास ठेवाल?"

पहिले दोन दिवस वहिनी नुसत्या चडफडल्या. पुढे काय होणार हे माहीत नसताना कशाकडे लक्ष द्यायचं, तेच कळेना. पोस्टमनचा मेव्हणा दोनदा खोटं बोलला, एक पत्र गायब झालं. आठवड्याभरात त्यांचं निदान पक्कं झालं. पट्टा कापण्याआधी त्यांनी ननंदेला बोलावून जाहीर केलं, "मेव्हण्याने घालवलं त्याला. लिहून देते."

पट्टा कापला. पोस्टमन आपणहून निघून गेला होता. कुणी काही केलं नव्हतं. त्याला जावंसं वाटलं, गेला.

"असं कसं?" वहिनी पुस्तकाकडे बघत राहिल्या. "कुठेच काही तुटलं नव्हतं!"

ननंद पोट धरून हसली. मग ठरल्याप्रमाणे तिने बारा पुस्तकं धरली आणि म्हणाली, "मग? कुठलं निवडतेस?"

वहिनींचं ठरलेलं होतं. यादीतलं पहिलंच, एका नावाड्याची गोष्ट. तो वादळात होडी काढतो आणि परत येत नाही. त्यांनी ते उलटं वाचलं होतं, त्यामुळे नावाडी तसा का वागला याचं कारण न कारण त्यांना तोंडपाठ होतं. तरी गटापुढे ठेवण्याआधी एकदा पुढून बघावं, म्हणून ग्रंथालयातून परत आणलं.

दुसऱ्याच संध्याकाळी त्या वर गेल्या. ननंदेने दार उघडलं. वहिनींचं बोट पुस्तकात अडकवलेलं होतं.

"वन्सं, तो आता दोर सोडतोय. बायको नको म्हणतेय. तो बुडतो हे मला वर्षभर माहीत आहे. का बुडतो तेही माहीत आहे. तरी मी पुढचं पान उलटत नाहीये."

"अगं, मग?"

"मग तुम्हीच सांगा. शेवट छापून झालाय, बदलणार नाही, तरी या खेपेला तो बायकोचं ऐकेल असं मला का वाटतंय?"