कोमट पाण्यातला मणी

"सलीमभाई, जयभीम… ताई गेली." विशाखाताईच्या भावाचा फोन आला तेव्हा मी मानकोली नाक्यावर हॉस्पिटलच्या बसची वाट बघत होतो. आधी मला रागच आला. झोपेत गुपचूप हृदय बंद पडणं त्या बाईच्या स्वभावात बसतच नव्हतं. वाद घातल्याशिवाय ती कुठलीच गोष्ट सोडत नसे.

आमच्या कॅन्सर हॉस्पिटलात ती मेडिकल फिजिसिस्ट होती. पेशंटला किरणांचा डोस नेमका किती जातोय, हे बघणं तिचं काम, मशीन चालवणं माझं. दोघंही भिवंडीचे, त्यामुळे भांडण अगदी हक्कानं व्हायचं. तिचा आवाज असा की शेजारी लूम चालू असले तरी ऐकू यावा.

भिवंडीजवळच्या शेलार गावच्या वनिताबाईंची ट्रीटमेंट चालू होती तेव्हाची गोष्ट. पेशंटच्या शरीरात आत किती डोस पोचतोय ते मोजायला आम्ही सिंटिलेटर वापरायचो. वायरच्या टोकाला प्लॅस्टिकचा बारीक मणी. किरण पडले की तो चमकतो, आणि जितका उजेड तितका डोस. पण वनिताबाईंचा आकडा रोज कमीच यायचा. मशीन तपासलं, ते ठणठणीत. शेवटी मोठे डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून डोस वाढवावा लागेल." त्यांचीही पंचाईतच होती. डोस खरंच कमी पडत असेल तर गाठ उरणार, आणि नसेल तर उगाच वाढवून बाईंचं आतडं भाजणार.

वनिताबाईंनी मलाच विचारलं, "भाऊ, मशीन बरी हाय ना? मना काय व्हनार न्हाय ना?"

ताई मात्र अडून बसली. "सर, हा मणी आपण तपासला कुठे? एसीत. वापरतोय कुठे? पोटात. तिथल्या उबेत त्याचा उजेड कमी पडत असेल तर? मला आजची संध्याकाळ द्या." डॉक्टरांनी दिली. आम्ही टाकीत गार पाणी भरलं, मणी सोडला, किरण दिले. आकडा चोख आला. मग कँटीनमधून गरम पाण्याच्या बादल्या आणून टाकीतलं पाणी अंगाइतकं कोमट केलं. मशीन तेच, डोस तोच… आणि आकडा घसरला. अगदी वनिताबाईंच्या आकड्याइतका! पाणी पुन्हा गार केलं, तर आकडा मुकाट्यानं वर. "सलीमभाई, मशीन खरं, डोस खरा, आपला मणीच खोटा बोलतोय!" असं ओरडत ताईनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी जवळजवळ टाकीतच पडलो. डॉक्टर हसत म्हणाले, "डोस आहे तोच ठेवा." त्या दिवशी मला जितका आनंद झाला, तितका माझ्या निकाहलाही झाला नसेल. (बायको हे वाचणार आहे, तरीही लिहितो.)

तेव्हापासून आमच्याकडे मणी आधी कोमट पाण्यात तपासतात, मगच पेशंटला लावतात. नवी आलेली मुलंही तसंच करतात, का करायचं ते विचारून घेतात, आणि मी ताईचं नाव सांगतो.

मागच्या रविवारी तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला, तिला अखेरची आदरांजली द्यायला गेलो होतो. हॉल गच्च भरलेला. एक बाई पदर खोचून पंगतीत भात वाढत होत्या, कुणाला "पुरे" म्हणू देत नव्हत्या. ताईच्या भावानं विचारलं, "मावशी, तुम्ही ताईच्या कोण?"

वनिताबाईंनी मान ताठ केली.

"पेशंट हाय मी तिची. बरी झालेली."