टोलिव्हरची पंपवाली

नेवाडाच्या वाळवंटातलं आमचं टोलिव्हर जन्मलं ते पाण्यापायी. वाफेच्या इंजिनांना वाटेत पाणी लागे, म्हणून रेल्वे कंपनीनं इथं विहीर खणली, आणि तिच्याभोवती चाळीस घरं, शाळा, खानावळ उभी राहिली. मी रुळांवर कामाला होतो. पंप चालवायचा ओब्दुलियाबाईचा नवरा. तो वारला तेव्हा साहेब म्हणाला, "बाईमाणसाला हे जमायचं नाही."

"तो खोकत पडायचा तेव्हा पंप कोण चालवत होतं? तुम्ही?" बाईनं विचारलं. नोकरी तिलाच मिळाली, आणि एकोणीस वर्षांत एकही इंजिन तहानलेलं गेलं नाही.

मग डिझेल इंजिनं आली. ती न थांबता धडधडत निघून जात. लोक घरांच्या फळ्यासुद्धा उचकटून घेऊन गेले. मागे उरलो आम्ही पाच-सहा जण. पंप बंद करा, असं पत्र आलं. तरी बाई दर शनिवारी उरलंसुरलं तेल घालून तो थोडा वेळ चालवायचीच.

"कुणासाठी गं बाई? सरड्यांसाठी?" मी विचारलं.

"फाउस्तो, बंद करा म्हणालेत, गंजू द्या नाही म्हणाले."

पंचावन्न सालच्या जुलैत, ऐन दुपारी, प्रवासी गाडीचं इंजिन गावाजवळच बंद पडलं. डबे भट्टीसारखे तापले, पाणी संपलं. दुसरं इंजिन यायला पाच तास होते. गार्ड धावत आला तेव्हा पंप सुरूही झाला होता. दोनशे माणसं आम्ही शाळेच्या सावलीत बसवली. बाई बादल्या भरत होती, पोरांच्या डोक्यावर ओले फडके ठेवत होती, म्हाताऱ्यांना दरडावत होती, "घोटघोट प्या, आजोबा!"

एका टोपीवाल्या बाईनं विचारलं, "हे गाव कुठलं? नकाशात तर नाही."

"टोलिव्हर. नकाशा काढणारा कधी इथं तहानलेला आला नसेल."

ओब्दुलियाबाई हसली आणि तिनं तिच्यापुढे दुसरा पेला धरला. त्या दिवशी कुणी दगावलं नाही.

पुढच्या वसंतात पंप मोडायला माणसं आली. घण बघताच बाई आडवी उभी राहिली. "माझ्या नवऱ्यानं जोडलाय. खोलणार मी." दोन दिवस ती एकेक भाग सोडवून, पुसून, तेल लावून मांडत गेली. ती दांडगी माणसं टोप्या काढून बघत उभी होती. त्यांच्यात मुकादम होता, तो मला हळूच म्हणाला, "असा कारागीर आमच्याकडे एकही नाही रे."

मी म्हणालो, "आमच्या गावची आहे."