रिकामा डोळा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या सुनेला सगळे ‘वादळ’ म्हणतात. भाजी चिरताना स्वतःचं बोट, कुलूप लावताना किल्ली, गप्पा मारताना समोरच्याचं वाक्य, तिच्या हातून काही म्हणता काही धड सुटत नाही. अशा बाईने लोकांच्या डोळ्यांत लेन्स बसवायचं शिक्षण घ्यावं, म्हणजे आख्ख्या जिन्याला करमणूकच झाली.

चष्म्याच्या दुकानात काउंटरवर फ्रेमी पुसून पुसून ती विटली होती. प्रात्यक्षिकात पास झाली तर आतल्या खोलीत स्वतःची खुर्ची, नाहीतर पुन्हा फडकं. पहिल्या खेपेला आपटली. लेन्स केव्हाच गळून पडली होती आणि ही बया समोरच्याचं उघडं बुबुळच चिमटीत धरायला बघत होती. तो माणूस म्हणे अजून तिला पाहिलं की रस्ता बदलतो.

दुसऱ्या खेपेला पेशंट आपला आपण आणायचा होता. नवऱ्याला ऐनवेळी शिंका सुरू झाल्या. शेवटी सासूबाई उठल्या. “चल. माझ्या डोळ्यात धूळ तर रोजच फेकतेस, आज लेन्स घाल.”

लेन्स झोकात बसली. ती डोळ्यात स्थिरावेपर्यंत सासूबाईंना बाहेर बसवलं, तर त्यांनी शेजारणीच्या जावयाची लक्तरं काढता काढता डोळा खसाखसा चोळला.

“आता काढा,” परीक्षक बाई म्हणाल्या.

सुनेने पापणीला बोट लावलं आणि थबकली. “आई, जरा दिव्याकडे बघा. लेन्सची कड दिसत नाहीये.”

“मग काढल्यासारखं कर ना!” सासूबाई कुजबुजल्या. त्यांची कुजबुज बाहेर फाटकापर्यंत ऐकू जाते. “मी डोळा मिटते, तू चिमूट दाखव. कोण बघतंय?”

परीक्षक बाई हातभर अंतरावर उभ्या होत्या.

सुनेने हात मागे घेतला. “बाई, डोळ्यात लेन्स नाही. नापास करायचं तर करा, पण मी चिमटा घेणार नाही.”

बाईंनी भिंगातून पाहिलं. डोळा रिकामा. लेन्स सासूबाईंच्या हनुवटीवर वाळून खवल्यासारखी चिकटली होती.

“मागच्या वेळी एवढंच थांबला असतात, तर तेव्हाच पास केलं असतं,” म्हणत बाईंनी नवी लेन्स पुढे केली. ती घातली, काढली, आणि काउंटरवरचं फडकं सुटलं.

सासूबाई आता भेटेल त्याला सांगतात, की सुनेची परीक्षा नीट व्हावी म्हणून त्यांनी मुद्दामच डोळा चोळला. त्यांना खोटं म्हणायची छाती आमच्या जिन्यात अजून कोणाची झालेली नाही.