दोन खिळ्यांमधली वीत

वीतकाकूंच्या शिवणाच्या दुकानात टेप नव्हता असं नाही. होता, पण तो सुनेच्या गळ्यात. ज्यांना स्वतःचा हात ओळखता येत नाही त्यांच्यासाठी टेप, असं काकूंचं स्वच्छ मत. त्या कापड टेबलावर पसरायच्या, उजव्या हाताचा अंगठा कडेला टेकवायच्या आणि करंगळीपर्यंत हात ताणत भराभर पुढे सरकायच्या. एक वीत, दोन वीत, वर चार बोटं. मग खडूची रेघ आणि कात्री. चाळीस वर्षांत त्यांच्या कात्रीनं गल्लीतल्या कुणाचा शर्ट बिघडवला नव्हता. ही गोष्ट काकू स्वतःच येताजाता सांगत, त्यामुळे कुणाला ती विसरायची सोयही नव्हती.

टेबलाच्या एका कडेला दोन पितळी खिळे होते. काम शिकायला आल्या त्या पहिल्याच दिवशी त्यांच्या वस्तादांनी त्यांचा पंजा तिथे ताणून ठेवायला लावला, अंगठ्याच्या टोकाशी एक आणि करंगळीच्या टोकाशी एक खिळा ठोकला आणि मधलं अंतर मोजलं. नेमकं नऊ इंच. "पट्टी घेऊनच जन्माला आलीस की गं," वस्ताद म्हणाले. तेव्हापासून मापांची वही वितींत लिहिलेली. बेकरीवाल्यांचा शर्ट, घेर पाच वीत. शाळेच्या बाईंचा कोट, लांबी चार वीत. एकदा लिहिलेलं माप काकू पुन्हा घेत नसत. कुणाचं अंग सुटलं तर त्यानं स्वतः दुकानात येऊन तशी कबुली द्यावी, असा नियम होता.

तर अशा या काकूंचा अंगठा दोन वर्षांपासून रुसला होता. आधी बरणीचं झाकण उघडेना. मग कुलपात किल्ली फिरवताना कळ थेट मनगटापर्यंत जाऊ लागली. कात्री चालवताना त्या ओठ घट्ट मिटून घ्यायच्या आणि कुणी पाहिलंच तर सुनेवर ओरडायच्या, म्हणजे विषय बदलायचा. गरम पाण्याचं भांडं झालं, गोळ्या झाल्या, हाताला बांधायचा पट्टा झाला, दोन इंजेक्शनं झाली. शेवटी हाताच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडासमोर धरून सांगितलं, "अंगठ्याच्या मुळाशी हे छोटं हाड आहे ना, त्याचा सांधा पार झिजलाय. हाड काढून टाकू. सहा आठवडे हात बांधलेला राहील, मग व्यायाम. दुखणं बहुतेक जाईल. जोर यायला मात्र सहाएक महिने लागतील."

"आणि माझी वीत?" काकूंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. त्या काकूंच्या पंजाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मावशी, हात मोकळा होईल. पण इंचाइंचाची खात्री मी नाही देऊ शकत."

झालं, काकूंचा निकाल तिथेच लागला. दुखलं तर दुखू दे, वीत जाता कामा नये. यजमानांनीही री ओढली. ते निवृत्त बसचालक, त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट गाडीसारखी दिसायची. "चालत्या गाडीचं इंजिन कशाला उघडायचं?" ते म्हणाले. सून हळूच म्हणाली, "बाबा, गाडी चालत नाहीये, ढकलावी लागतेय." यावर दोघांनीही तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की बिचारीनं मशीन सुरू केलं.

याच सुमारास गल्ली जाड होऊ लागली.

म्हणजे सगळ्यांचा समज तसा झाला. औषधाच्या दुकानवाल्याचा नवा शर्ट पोटावर ताणू लागला, त्यानं चहातली साखर सोडली. शाळेच्या बाई दुपारचं जेवण निम्म्यावर आणून मुलांवर जास्त खेकसू लागल्या. आणि बेकरीवाले, ज्यांच्या पावाच्या वासानं गल्ली जागी व्हायची, त्यांनी स्वतःच्याच पावाला हात लावणं बंद केलं. ते सकाळी पळायला जाऊ लागले. त्यांचं ते पळणं बघायला लोक खिडकीत येऊन उभे राहायचे. काकूंनी तर सगळ्यांना फैलावर घेतलं होतं. "वहीतलं माप मी वाढवणार नाही. तुम्ही पोट कमी करा!"

बाह्या आखूड होत होत्या त्याचा दोष मात्र कापडावर गेला. धुतल्यावर आटतं हल्लीचं कापड, असं सगळे म्हणत. कापडवाला शपथा घेऊन दमला.

एका सकाळी बेकरीवाले दोन शर्ट काखेत मारून दुकानात शिरले. एक जुना, एक परवाच शिवलेला. चेहरा पडलेला.

"काकू, सहा किलो वजन उतरलंय माझं. काट्यावर बघून आलोय. तरी या नव्या शर्टाचं बटण लागत नाही."

"मग अजून उतरवा."

"उतरवतो हो! पण हे बघा." त्यांनी नवा शर्ट अंगावर चढवला आणि दोन्ही हात पुढे केले. मनगटं चांगली चार बोटं उघडी. "अजून धुतलेलासुद्धा नाही. पोट वाढलं, मान्य. पण या वयात माझे हात वाढले का?"

मशीनचा आवाज थांबला. सुनेनं गळ्यातला टेप काढला आणि कुणी काही बोलायच्या आत दोन्ही शर्ट मोजले. जुन्याचा घेर पंचेचाळीस इंच. नव्याचा एक्केचाळीस.

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. त्या कडेवर इस्त्रीसाठी अंथरलेली जुनी चादर होती, वर्षानुवर्षं तिथेच पडलेली. त्यांनी ती ओढून काढली. खाली दोन पितळी खिळे, काळवंडलेले. काकूंनी एका खिळ्याला अंगठा टेकवला आणि हात ताणला. कळ आली, तरी ताणला. करंगळी दुसऱ्या खिळ्यापर्यंत पोचलीच नाही. मधे मोठ्ठी फट राहिली. अंगठा आत वळला होता आणि त्यानं सगळा पंजाच आखडून घेतला होता.

"तुला माहीत होतं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"वर्षभर, आई. शिवणीत आत दुमडलेली जेवढी माया होती तेवढी उसवून मी कपडे सैल करत होते. आता मायाच पुरेना."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती जपत होतात त्या वितीला. कुठल्या तोंडानं सांगू?"

काकू स्टुलावर बसल्या. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. जी वीत वाचवायची म्हणून दोन वर्षं दात आवळून दुखणं काढलं, ती कधीच निघून गेली होती. वर गल्लीतल्या निम्म्या माणसांना उपाशी ठेवलं ते वेगळंच. हे मनात आलं आणि त्यांची नजर बेकरीवाल्यांच्या उघड्या मनगटांवर गेली. काकूंना हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या, आणि त्यातलं सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं.

"घरी जा आणि पाव खा," त्या बेकरीवाल्यांना म्हणाल्या. "लोणी लावून खा."

त्याच दुपारी त्या प्रत्येक दारात जाऊन "तुम्ही जाड नाही, माझाच अंगठा आखडलाय," असं सांगून आल्या. शाळेच्या बाईंनी तर त्यांना मिठीच मारली. संध्याकाळी त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावून तारीख घेतली. यजमान काही बोलायला गेले तर म्हणाल्या, "इंजिन उघडायचं ठरलंय. तुम्ही डबा तेवढा घेऊन या."

हात बांधलेला होता ते सहा आठवडे घरच्यांचे कसे गेले ते घरचेच जाणोत. काकू खुर्चीत बसून डाव्या हातानं हुकूम सोडत होत्या. कापड सून कापत होती, टेपानं, आणि चांगलं कापत होती. काकूंनी तसं बोलून दाखवलं नाही, पण वही तिच्या हवाली केली. तिनं सगळी मापं इंचांत उतरवून काढली. मग व्यायाम सुरू झाले. चेंडू दाबायचा, हात उघडायचा, मिटायचा. बरणीचं झाकण पहिल्यांदा फिरलं त्या दिवशी काकूंनी घरातल्या सगळ्या बरण्या उघडून ठेवल्या.

सहा महिने उलटले तेव्हा त्यांनी चादर पुन्हा बाजूला केली आणि अंगठा पहिल्या खिळ्याला टेकवला. सून टेप हातात घेऊन उभी. हात उघडला, सहज, कुठेही कळ नाही. करंगळी मात्र दुसऱ्या खिळ्याच्या अलीकडेच थांबली.

सुनेनं टेप लावला. "साडेआठ, आई." तिचा आवाज पडला होता.

काकूंनी बोटं न हलवता मान डोलावली. "करंगळीपाशी खडूची खूण कर. आणि खणातून एक खिळा काढ."

"थांबा, ठोकायला बाबांना बोलावते."

"कशाला?" काकू म्हणाल्या. त्यांनी डाव्या चिमटीत खिळा धरला, उजव्या हातात हातोडी घेतली, आणि दोन वर्षं ज्या हाताला साधी किल्ली फिरवता येत नव्हती त्या हातानं तीन ठोक्यांत खिळा आत बसवला. मग दारातून डोकावणाऱ्या बेकरीवाल्यांना हाक मारली.

"या आत. पोट आत ओढू नका, सरळ उभे राहा. नव्यानं माप घ्यायचंय."